रानातील मुक्काम : रीत, कायदा आणि दक्षता

पावसाळा सरून हवेत गारवा येऊ लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, चंदगड या भागांतील तरुणांची पावले पश्चिमेच्या डोंगराकडे वळतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, तिलारीचे खोरे, आंबोली, दाजीपूर ही नावे त्यांच्या तोंडी असतात. पूर्वी ही मंडळी सकाळी जाऊन सायंकाळी परतत असत. अलीकडे पाठीवर कापडी तंबू घेऊन, गावापासून दूर एखाद्या ओढ्याकाठी किंवा कातळपठारावर रात्र काढण्याची हौस वाढली आहे. शाळा-महाविद्यालयांच्या सहलीही कधी कधी याच वाटेने जातात.

रानात राहण्याची ओढ वाईट नाही. ज्या मुलाने झऱ्याचा उगम स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, ज्याने रात्री रानाची शांतता अनुभवली, त्याला वनरक्षणाचे महत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही. परंतु या हौसेबरोबर काही प्रश्नही उभे राहिले आहेत. डोंगराकाठच्या ग्रामस्थांना सकाळी पाणवठ्यावर साबणाचा फेस व फुटक्या बाटल्या दिसतात. वनकर्मचाऱ्यांना विझल्यासारखी वाटणारी परंतु आतून धुमसणारी राख सापडते. शिक्षकांना मुलांना कोठे न्यावे व कोणाची परवानगी घ्यावी याची निश्चित माहिती नसते. या तिन्ही वर्गांच्या उपयोगी पडावे या हेतूने रानमुक्कामाचे स्वरूप, त्यासंबंधीचा कायदा आणि घ्यावयाची काळजी यांचा येथे थोडक्यात परामर्श घेतला आहे.

मुक्कामाचे दोन प्रकार

रानातील मुक्कामाचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला, नेमून दिलेल्या जागी केलेला मुक्काम. तेथे पाणी, शौचालय, चूल, राखणदार अशी काही ना काही सोय असते. दुसरा, विखुरलेला साधा मुक्काम. यात कोणतीही सोय नसते. प्रवासी आपले पाणी, अन्न व निवारा बरोबर आणतो, रस्त्यापासून व इतर प्रवाशांपासून दूर जागा निवडतो आणि निघताना आपल्या वास्तव्याची खूण मागे ठेवत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय वनांच्या बऱ्याच भागांत अशा मुक्कामास मुभा आहे. मात्र एका जागी साधारणतः १४ दिवसांहून अधिक राहता येत नाही. नॉर्वे देशात १९५७ सालच्या कायद्याने मोकळ्या रानात मुक्काम करण्याचा हक्क सर्वांना दिला आहे, पण तंबू राहत्या घरापासून किमान १५० मीटर दूर असला पाहिजे. त्याच देशात १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात रानात किंवा रानालगत उघडा विस्तव करण्यास मनाई असते. म्हणजे ज्या देशांत मोकळीक आहे तेथेही ती बंधनांसह आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

विखुरलेल्या मुक्कामामागील विचार समजून घेतला पाहिजे. गवताळ जमिनीवर एक रात्र एक तंबू पडला, तर दबलेले गवत काही दिवसांत पुन्हा उभे राहते. त्याच जागी दहा रात्री तंबू पडले, तर गवत मरते, माती घट्ट होते, पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि जमिनीची धूप सुरू होते. म्हणून माणसे थोडी असतील आणि रान विस्तीर्ण असेल तेव्हा विखरून राहावे, म्हणजे कोणत्याही एका जागेवर भार पडत नाही. उलटपक्षी माणसे पुष्कळ असतील, तर विखरून राहिल्याने सगळेच रान तुडवले जाते. अशा वेळी आधीच उघड्या पडलेल्या एकाच जागी सर्वांनी राहणे हिताचे ठरते. आपल्या भागात शनिवारी-रविवारी येणाऱ्यांची संख्या आणि उपलब्ध रानाचा विस्तार पाहता, नेमून दिलेल्या जागीच मुक्काम करणे हेच आपल्याकडे इष्ट आहे, असा निष्कर्ष निघतो.

मेंढपाळांची जुनी रीत

उघड्यावर मुक्काम करण्याची कला आपल्याला परक्यांकडून शिकावयाची नाही. निपाणी, चिकोडी, कागल या परिसरातील धनगर मेंढपाळ पिढ्यानपिढ्या हेच जीवन जगत आले आहेत. दख्खनी मेंढीला अतिपाऊस मानवत नाही. म्हणून पावसाळ्यात कळप कोरड्या पूर्व भागात ठेवावयाचा आणि सुगी आटोपली की रिकाम्या शेतांतून पश्चिमेकडे सरकावयाचे, असा त्यांचा क्रम असतो. घोड्यावर बिऱ्हाड लादलेले, अंगावर घोंगडी, रात्री मेंढ्यांभोवती जाळीचे कुंपण आणि राखणीला कुत्री, एवढ्यावर कुटुंबाचे कुटुंब महिनोन् महिने उघड्यावर राहते.

या रीतीत काही नियम दडलेले आहेत. मेंढपाळांचा तळ एका जागी फार दिवस राहत नाही. तो ज्या शेतात पडतो, त्या शेताच्या मालकाशी आधी बोलणे झालेले असते. मेंढ्यांच्या लेंड्या व मूत्र यांनी जमिनीला खत मिळते व त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा रोख रक्कम देतो. म्हणजे तळ उठल्यावर जमीन पूर्वीपेक्षा सकस होते. चूल तीन दगडांची व लहान असते, कारण सरपण गोळा करण्याचे श्रम त्यांना ठाऊक असतात. थोडे सामान, लहान विस्तव, मालकाची संमती आणि वेळेवर तळ हलवणे ही या मुक्कामाची चार अंगे आहेत. आजच्या हौशी प्रवाशाने एवढ्या चार गोष्टी जरी आत्मसात केल्या, तरी निम्म्याहून अधिक तक्रारी मिटतील. वन हक्क कायदा, २००६ मध्येही फिरत्या व पशुपालक समाजांचा हंगामी वापराचा पारंपरिक हक्क मान्य करण्यात आला आहे. हौशी प्रवाशांना असा हक्क नाही, हा भेदही लक्षात ठेवला पाहिजे.

आपल्या परिसराचे महत्त्व

बेळगावच्या पश्चिमेस व नैर्ऋत्येस असलेली वनभूमी साधी नव्हे. खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटर उंचीवर, मलप्रभा नदी उगम पावते. ती पूर्वेकडे वाहत जाऊन सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणात साठते आणि पुढे कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. हुबळी-धारवाड शहरांना या धरणाचे पाणी पिण्यासाठी पुरवले जाते. त्याच तालुक्यातील देगावच्या परिसरातील झऱ्यांतून म्हादई निघते व पश्चिमेकडे गोव्यात उतरते. चंदगड तालुक्यातून ताम्रपर्णी, तर आंबोलीतून हिरण्यकेशी वाहते. एकाच डोंगरपट्ट्यातून पूर्वसमुद्राकडे व पश्चिमसमुद्राकडे जाणाऱ्या नद्या निघतात. त्यामुळे येथील झऱ्याकाठी केलेल्या घाणीचा परिणाम केवळ जवळच्या गावापुरता राहत नाही.

हे क्षेत्र वेगवेगळ्या संरक्षणाखाली आहे. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. त्याला लागून गोव्याच्या बाजूस म्हादई अभयारण्य असून ते १९९९ मध्ये घोषित करण्यात आले. महाराष्ट्राच्या बाजूस दोडामार्ग परिसरात तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र २०२० मध्ये झाले. निपाणीहून देवगडकडे जाणारा मार्ग राधानगरी व दाजीपूरवरून फोंडा घाटात उतरतो. त्या मार्गावरील दाजीपूरचे गवा अभयारण्य १९५८ पासूनचे आहे व आज राधानगरी अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते.

येथील जीवसृष्टीतील काही घटक जगात अन्यत्र क्वचितच आढळतात. भीमगडच्या वनातील बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ राहते. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले आणि त्यानंतर दीर्घकाळ ते जगात केवळ याच गुहांत असल्याचे मानले जात होते. पुढे मेघालय व कंबोडियातही ते आढळले. आंबोलीच्या कातळावर राहणाऱ्या वाघासारख्या पट्ट्यांच्या एका भेकाची नोंद २००९ मध्ये झाली. हिरण्यकेशीच्या उगमावरील देवळाच्या कुंडात सापडलेल्या एका लहान माशाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी त्या जागेस जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. या तीन उदाहरणांवरून प्रवाशांनी तीन गोष्टी घ्याव्यात. गुहेत मुक्काम करू नये व धूर करू नये. चुलीसाठी पठारावरील दगड उलटू नयेत, कारण त्यांखाली जीव राहतात. कुंडात व उगमाच्या झऱ्यात साबण किंवा भांडी नेऊ नयेत.

कायदा काय सांगतो?

पुष्कळांचा असा समज आहे की, रान सरकारचे म्हणजे सर्वांचे, तेव्हा तेथे राहण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. हा समज चुकीचा आहे. कर्नाटकात कर्नाटक वन अधिनियम, १९६३ आणि महाराष्ट्रात भारतीय वन अधिनियम, १९२७ यांच्या तरतुदी राखीव वनांस लागू आहेत. राखीव वनात परवानगीवाचून शिरणे, विस्तव पेटवणे, लाकूड तोडणे या गोष्टी अपराध ठरतात.

अभयारण्यात याहून कडक नियम आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत. कर्तव्यावरील सरकारी सेवक, अभयारण्यात स्थावर मालमत्तेचा हक्क असलेले रहिवासी, सार्वजनिक हमरस्त्याने जाणारे वाटसरू आणि परवानाधारक अशा थोड्या व्यक्तींनाच सूट आहे. याच कलमात वन्यप्राण्यांची छेड काढण्यास व कचरा टाकण्यास मनाई केली आहे. कलम २८ अन्वये वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन इत्यादी कारणांसाठी परवाना मिळू शकतो. कलम ३० प्रमाणे अभयारण्यात आग लावणे, विस्तव पेटवणे किंवा पेटता विस्तव मागे ठेवून जाणे या तिन्ही गोष्टींना बंदी आहे. कलम ३१ परवानगीवाचून शस्त्र नेण्यास व कलम ३२ अपायकारक रसायने किंवा स्फोटके वापरण्यास मनाई करते. यावरून भीमगड, म्हादई किंवा राधानगरी अभयारण्यात हवा तेथे तंबू ठोकून शेकोटी करणे कायद्याने शक्य नाही, हे स्पष्ट होते.

मग मुक्काम करावयाचा कोठे? याचे उत्तर सोपे आहे. वनखात्याने नेमलेल्या जागी, वनक्षेत्रपालाच्या परवानगीने राहावे. खानापूर तालुक्यात हेमाडगा येथे वनखात्याने निसर्गशिबिर उभारले आहे. याशिवाय वनाच्या कडेला असलेल्या मालकी जमिनीत मालकाच्या संमतीने मुक्काम करता येतो. गायरान वा अन्य सरकारी जमीन असल्यास ग्रामपंचायत व महसूल अधिकारी यांना विचारल्यावाचून तेथे उतरू नये. जमीन कोणाची आहे हे डोळ्यांनी कळत नाही. ते सातबारा किंवा उतारा पाहून व गावात विचारून कळते.

पाणी आणि स्वच्छता

या पट्ट्यातील डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचे थर आहेत. जांभा सच्छिद्र असतो. पठारावर पडलेले पाणी भेगांतून वेगाने खाली मुरते आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. पाझराचा हा मार्ग लहान असल्याने माती घाण गाळून घेईल अशी खात्री धरता येत नाही. पठारावर केलेली घाण थोड्याच अवधीत खालच्या वाडीच्या पिण्याच्या पाण्यात उतरू शकते. म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत.

शौचविधी झरा, ओढा किंवा तळे यांपासून किमान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या सुमारे ७० पावलांवर करावा. मातीत १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा खणून नंतर तो मातीने बुजवावा. कातळावर माती नसल्याने तेथे हे शक्य होत नाही. म्हणून कातळपठारावर मुक्कामच करू नये. भांडी व कपडे प्रवाहात धुऊ नयेत. पाणी भांड्यात घेऊन दूर जावे व वापरलेले पाणी जमिनीवर पसरून टाकावे. पिण्याचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी उकळून घ्यावे. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू दिल्यास रोगजंतूंचा नाश होतो. कचरा पुरू नये व जाळूही नये. पुरलेला कचरा रानडुकरे व कोल्हे उकरून काढतात, आणि प्लॅस्टिक जाळल्याने विषारी धूर होतो. जे बरोबर आणले ते बरोबर परत न्यावे, हा एकच नियम पुरेसा आहे.

तंबू कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याच्या पात्रात कधीही उभारू नये. वळवाच्या दिवसांत वर डोंगरावर पाऊस पडला तर खाली आकाश निरभ्र असतानाही ओढ्याला लोंढा येतो. प्राण्यांच्या पाणवठ्यालगतही राहू नये. माणसाच्या वासाने व उजेडाने प्राणी रात्रभर तहानलेले राहतात किंवा बिथरतात.

विस्तवाचा धोका

रानमुक्कामातील सर्वांत मोठे संकट म्हणजे विस्तव होय. फेब्रुवारी ते मे या काळात पानगळीचा थर वाळून कोळ झालेला असतो. गवत पिवळे पडते. अशा वेळी उडालेली एक ठिणगी, न विझलेले विडीचे थोटूक किंवा धुमसणारी राख पुरेशी ठरते. डोंगरउतारावर आग खालून वर वेगाने चढते, कारण ज्वाळांची उष्णता वरच्या गवताला आधीच वाळवून ठेवते. म्हणून उतारावर आगीच्या वरच्या बाजूस सापडलेल्या माणसाला पळून जाण्यास वेळ मिळत नाही.

याचे दारुण उदाहरण तामिळनाडूत घडले. ११ मार्च २०१८ रोजी थेनी जिल्ह्यातील कुरंगणी डोंगरात पदभ्रमणासाठी गेलेला एक गट वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात अनेक ठिकाणी वणवे लागले व ते विझवण्यासाठी नौदल व हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांचे साहाय्य घ्यावे लागले. म्हादईचे हे रान भीमगडच्या रानाला लागून आहे. वणव्याला राज्याची हद्द कळत नाही.

अभयारण्यात व राखीव वनात विस्तव करूच नये. जेथे मालकाच्या किंवा वनखात्याच्या परवानगीने चूल पेटवावयाची असेल, तेथे आधी सभोवारची पाने व गवत मोकळ्या मातीपर्यंत साफ करावे. पाण्याची भरलेली घागर किंवा बादली जवळ ठेवल्यावाचून काडी ओढू नये. वारा सुटला असता चूल पेटवू नये. मोठ्या शेकोटीचा मोह टाळावा. ऊब घोंगडीनेही मिळते. झोपण्यापूर्वी विस्तवावर पाणी ओतावे, राख काठीने ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे आणि हाताचा पालथा भाग जवळ नेऊन ऊब उरली नाही याची खात्री करावी. केवळ माती टाकून विस्तव विझला असे मानू नये. मातीखाली निखारा कित्येक तास जिवंत राहतो, आणि वाळलेल्या मुळांतून आग आतल्या आत सरकून दुसऱ्या दिवशी भलतीकडे वर येते.

वणवा दिसल्यास उतारावर वर धावू नये. वाऱ्याच्या आडव्या दिशेने, शक्यतो खालच्या बाजूस, आधीच जळून गेलेल्या किंवा उघड्या कातळाच्या जागेकडे जावे. वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा ११२ वर त्वरित कळवावे. रानात पुष्कळ ठिकाणी दूरध्वनीची लहर मिळत नाही. म्हणून कोणत्या टेकाडावर ती मिळते हे उजेडीच गावकऱ्यांकडून विचारून ठेवावे.

गोचीड आणि माकडताप

रानात जमिनीवर झोपणाऱ्यांनी ज्या रोगाची विशेष दखल घ्यावयास हवी तो म्हणजे माकडताप होय. शास्त्रीय भाषेत त्यास क्यासनूर वनरोग म्हणतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर वनात माकडे मोठ्या संख्येने मेली आणि आसपासच्या गावांतील माणसांना तीव्र ताप येऊ लागला, तेव्हा हा रोग प्रथम उघडकीस आला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा विषाणू शोधून काढला. पुढे अनेक वर्षे हा रोग कर्नाटकाच्या मलनाड भागापुरता मर्यादित मानला जात होता. तथापि २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. सत्तरी व दोडामार्ग हे दोन्ही तालुके आपल्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावरच आहेत. त्यामुळे हा विषय आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही.

या रोगाचा विषाणू गोचिडीच्या दंशाने माणसाच्या शरीरात शिरतो. माणसाला चावते ती बहुधा गोचिडीची लहान अवस्था. ती खसखशीच्या दाण्याएवढी असल्याने सहज दिसत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत पालापाचोळ्यात तिची संख्या वाढते. आणि हाच काळ आपल्याकडे सहलींचा, काजू वेचण्याचा व सरपण आणण्याचा असतो. दंशानंतर साधारणतः तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी ही लक्षणे दिसतात. काही रुग्णांत नाक-हिरड्यांतून रक्तस्राव होतो. लागण झालेल्यांपैकी शेकडा तीन ते पाच रुग्ण दगावतात. एका माणसापासून दुसऱ्यास हा रोग होत नाही, म्हणून रुग्णास वाळीत टाकण्याचे कारण नाही. या रोगावर खास औषध नाही. परंतु वेळेवर रुग्णालयात दाखल होऊन योग्य शुश्रूषा मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

प्रतिबंधक उपाय साधे आहेत. पालापाचोळ्यावर बसू अगर झोपू नये. तळ असलेला बंद तंबू वापरावा. पूर्ण बाह्यांचा सदरा व विजार घालून विजारीचे टोक मोज्यात खोचावे. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल हातापायांस लावावे. परत आल्यावर गरम पाण्याने व साबणाने स्नान करून कानामागे, काखेत व जांघेत तपासणी करावी आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत. रानात मेलेले वानर किंवा माकड आढळल्यास त्यास हात लावू नये. त्याच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी आसपास पसरलेल्या असतात. ती जागा सोडून जवळच्या आरोग्य केंद्रास किंवा वनरक्षकास लगेच कळवावे. रानातून आल्यानंतर पंधरवड्यात ताप आल्यास, आपण रानात जाऊन आलो हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते.

वन्यप्राणी, सर्प आणि वीज

आपल्या रानात गवा, अस्वल, बिबट्या, रानडुक्कर हे प्राणी आहेत. वाघाचाही वावर असतो. २००२ पासून दांडेलीच्या बाजूने आलेले हत्ती खानापूर, चंदगड व दोडामार्ग परिसरात फिरू लागले. यांतील बहुतेक प्राणी माणसाला टाळतात. अपघात होतो तो एकाएकी समोरासमोर आल्याने. म्हणून अंधारात एकट्याने फिरू नये, विजेरीवाचून तंबूबाहेर पडू नये व चालताना बोलत चालावे. अस्वलाला माणसाची चाहूल आधी लागली तर ते सहसा दूर होते. एकट्या गव्याच्या जवळ जाऊ नये. धान्य, केळी, फणस तंबूत ठेवू नये, कारण त्यांच्या वासाने हत्ती येतो. छायाचित्रासाठी प्राण्याचा पाठलाग करणे हा मूर्खपणा तर आहेच, शिवाय अपराधही आहे.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी सर्प या भागात आढळतात. मण्यार रात्री फिरते व जमिनीवर झोपलेल्यास दंश करते, आणि दंशाची वेदना फारशी होत नाही. हेही बंद तंबूचे एक कारण आहे. बूट घालण्यापूर्वी झाडून घ्यावेत. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णास धीर देऊन प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालवलेली घटका परत मिळत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात. ढग भरून येताच उघडे पठार व एकटे झाड सोडून खाली यावे. पठारावरून उतरता न आल्यास पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये.

शिक्षकांची जबाबदारी

विद्यार्थ्यांना रानात नेणाऱ्या शिक्षकांनी पुढील क्रम ठेवावा. प्रथम स्वतः जाऊन जागा पाहावी. वनक्षेत्रपालांकडून लेखी परवानगी घ्यावी व पालकांची संमतिपत्रे जमवावीत. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, प्रतिविष मिळणारे रुग्णालय आणि तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ यांची टिपणी करून ती सर्व सहशिक्षकांजवळ द्यावी. गवाळी, कृष्णापूर, देगाव यांसारख्या आतल्या वाड्यांतील ग्रामस्थांना पावसाळ्यात ओढे ओलांडून रुग्ण बाहेर आणणे किती कठीण जाते, हे खानापूर तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. जेथे रहिवाशांवर ही पाळी येते, तेथे बाहेरून आलेल्यांनी आपल्या निष्काळजीपणाचा भार त्यांच्यावर टाकणे योग्य नव्हे. म्हणून पावसाळ्यात व मार्चनंतरच्या वणव्याच्या काळात मुलांचा रानमुक्काम ठरवूच नये. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ त्यातल्या त्यात सोयीचा आहे, मात्र गोचिडीची दक्षता तेव्हाही घेतलीच पाहिजे.

मुक्काम गावाच्या कडेला ठेवून दिवसा रान पाहणे, हा मुलांसाठी उत्तम मार्ग होय. रात्री गावातील एखाद्या जाणत्या मेंढपाळाला किंवा गवळी धनगराला बोलावून रानाच्या गोष्टी ऐकवाव्यात. वाऱ्यावरून पाऊस कसा ओळखावा, पाऊलखुणा कशा वाचाव्यात, कोणते पान गुरे खात नाहीत, हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही.

ग्रामस्थांचा वाटा

डोंगराकाठच्या गावांनी या येणाऱ्या मंडळींना केवळ उपद्रव मानू नये. ग्रामपंचायतीने ठराव करून गावालगतची एखादी मोकळी, आधीच वापरातली जागा मुक्कामासाठी नेमून दिली, तेथे शौचालय व पाण्याची सोय केली आणि माफक आकार घेतला, तर रानावरचा भार कमी होईल व गावातील काही घरांना भाकरी-भाजी, वाटाड्या, राखण अशा कामांतून मिळकत होईल. येणाऱ्यांची नावे, माणसांची संख्या व परतण्याची वेळ यांची वही ठेवावी. एखादा गट वेळेवर परतला नाही तर शोध कोठे घ्यावयाचा हे त्यावरून कळते. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढण्याच्या कामी वनखात्यास सहकार्य करावे. आणि गवत चांगले यावे म्हणून आपणच रान पेटवून देण्याची जुनी सवयही सोडावी. पाहुण्यांना विस्तवाचा नियम सांगताना आपला हात स्वच्छ असला पाहिजे.

मेंढपाळाचा तळ सकाळी उठतो तेव्हा मागे तीन काळवंडलेले दगड आणि खतावलेली जमीन उरते. पुढच्या वर्षी तोच शेतकरी त्याला पुन्हा बोलावतो. रानात मुक्कामास जाणाऱ्या प्रत्येकाने निघताना मागे वळून एकदा पाहावे आणि या गावाने आपल्याला पुढल्या वर्षी बोलवावे असे आपण वागलो का, याचा विचार करावा. मलप्रभा व म्हादईच्या उगमांचे रक्षण कायदा काही प्रमाणात करील. उरलेले रक्षण त्या उगमाचे पाणी पिणाऱ्या आपल्या सर्वांच्या हाती आहे.